मार्थाबाईंची दुसरी कवळी

गेल्या वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेअकरा वाजता मेडशीच्या मार्था वानखडे, वय बहात्तर, वाशीम येथील माझ्या कामाच्या खोलीत आल्या. दीड महिन्यापूर्वी मी तयार केलेली वरच्या दातांची कवळी त्यांनी तोंडातून काढून रुमालावर ठेवली. नंतर ती पुन्हा घातली, कारण तिच्याशिवाय त्यांना नीट बोलता येत नव्हते, आणि तिच्या जागी दुसरी करून मागितली. पहिल्या कवळीत दोष नव्हता. ती बोचत नव्हती, हलत नव्हती, दात सरळ आणि एकसारखे होते. त्यांना वाकडे हवे होते.

मी एकतीस वर्षे कवळ्या केल्या. या मार्चमध्ये काम थांबवले. कवळ्यांच्या कामात येण्याआधी चार वर्षे एका दैनिकाला वाशीमच्या बातम्या पाठवत होतो. तिथली एक सवय पुढे राहिली: जे पाहिले ते लिहायचे, आणि जे ऐकले ते कोणाकडून ऐकले हेही लिहायचे. या मजकुरातही तेच केले आहे.

कवळी डॉक्टर बनवत नाहीत. डॉक्टर तोंडाचे माप घेतात. ते माप आमच्याकडे येते, आम्ही त्यात प्लॅस्टर ओततो आणि तोंडाचा साचा तयार होतो. साच्यावर मेण चढवतो, मेणात तयार दात एकेक करून बसवतो. सगळे पटले की मेणाच्या जागी गुलाबी हिरडी पक्की करतो. दात कारखान्यातून येतात, सहा-सहाच्या पट्टीवर, रंगाच्या क्रमांकासह. बहुतेक कारागीर माणूस पाहत नाहीत, त्यांच्यापर्यंत फक्त साचा पोहोचतो. माझी खोली मात्र दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होती, त्यामुळे माणसे जिना चढून वर येत.

वर आलेल्या माणसाला मी रंगाची पट्टी देत असे. तिच्यावर पांढऱ्यापासून पिवळटपर्यंत नमुन्याचे सोळा दात होते. सत्तरीच्या माणसाला शोभणारे दात पट्टीच्या मध्यापुढे सुरू होतात. एकतीस वर्षांत बहुतेकांचे बोट पहिल्या दोन दातांवर गेले. आसेगावच्या एका बागायतदाराने नातीच्या लग्नासाठी सगळ्यात पांढरा रंग घेतला. मी दोनदा सांगून पाहिले. लग्नानंतर आठवड्याने ते फोटोंचा अल्बम घेऊन आले.

"पाय गा. म्या कुठी हाय याच्यात?"

"हे काय, मांडवाच्या खांबापाशी."

"म्या नाई, दात हायत ते. माह्या पोरीनं सांगतलं, बाबा, तुमी यायच्या आंधी दात आले."

किन्हीराजाच्या एका गृहस्थांची मागणी उलटी होती. त्यांना खर्रा खाऊन काळवंडलेले दात हवे होते. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला आमच्या भागातला ऐवज. त्यांच्या व्याह्यांचे सगळे दात शाबूत होते आणि आपलेही शाबूत आहेत असे यांनी व्याह्यांना सांगून ठेवले होते. पांढरे दात घातले असते तर ते उघडे पडले असते. मी तपकिरी छटा भरून दिली. सहा महिन्यांनी ते भेटले तेव्हा छटा दुप्पट झाली होती. त्यात माझा हात नव्हता.

अशा माणसांना हसणे सोपे आहे. मीही हसलो आहे. पण आरशासमोर नवी कवळी घातलेल्या माणसाचा चेहरा मी पाहिला आहे. पहिल्या क्षणी त्यावर गर्व नसतो. तेव्हा माणूस तिथे कोणाला तरी शोधत असतो.

म्हणून मी एक नियम केला होता. मेणातले दात पक्के करण्यापूर्वी ते रुग्णाच्या घरच्या एका माणसाला दाखवायचे. रोज सोबत जेवणारे माणूस असले पाहिजे. माझ्या वहीत नाव, वय, रंग या रकान्यांनंतर 'घरचे कोण' असा रकाना होता. तिथे त्या माणसाचे नाव लिहिल्याशिवाय मी काम पुढे नेत नसे.

मार्थाबाईंच्या नावापुढे त्या रकान्यात रेघ आहे.

मार्थाबाई आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या. लहानपणी शब्बाथ शाळेत त्यांनी मला शिकवले, म्हणून मी त्यांना बाईच म्हणतो. दर रविवारी, उपासनेआधी, देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, ओट्यावर आम्ही पंधरा-वीस मुले बसायचो. देव माणसाच्या तोंडाकडे पाहत नाही, आत पाहतो, हे त्या पुन्हा पुन्हा सांगत. बोलताना पदराचे टोक त्यांच्या ओठांपाशी असे. त्यांचे वरचे दात पुढे होते, मधल्या दोन दातांत मोठी फट होती आणि उजव्या दाताचा कोपरा उडालेला होता. शिवताना दोरा दातांनी तोडायची सवय होती, त्याने तो टवका गेला. आम्ही मुले पाठीमागे त्यांना 'फावडं बाई' म्हणत असू. मीही म्हणत असे.

त्यांचे यजमान शामुवेल मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. वय एक्याऐंशी. चार वर्षांपासून त्यांची आठवण जात चालली आहे. मुलगा पुण्याला असतो. मेडशीच्या घरात दोघेच.

गेल्या ऑक्टोबरमध्ये बाई पहिल्यांदा जिना चढून आल्या. वरच्या दाढा आधीच काढलेल्या होत्या. पुढचे सहा दात तेवढे उरले होते आणि तेही हलत होते. खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी ठरवले की कवळी आधी तयार ठेवायची, ते सहा दात काढायचे आणि त्याच बैठकीत कवळी बसवायची. अशा वेळी कारागीर दोन साचे करतो. एकावरचे दात कापून त्यांच्या जागी नवे लावायचे, दुसरा जसाच्या तसा ठेवायचा. नवे दात या दुसऱ्या साच्यावरून पाहून जुन्यांच्या जागीच लावायचे असतात.

बाईंनी दोन्ही साचे पाहिले. स्वतःचे दात त्यांनी बाहेरून बहुधा पहिल्यांदाच पाहिले.

"लय वाईट दिसतेत रे."

"जुने हायत बाई."

"विजू, एक सांगू? हासू नको."

"सांगा ना."

"नवेच करून राह्यला, तं सरळ कर."

मी साच्याकडेच पाहत राहिलो. त्यांना वाटले मी नाही म्हणतो आहे.

"तू बी तं मले फावडं म्हनत होता."

"म्हनत होतो."

"मंग? भरपाई कर आता."

त्या हसल्या. पदर तोंडावर गेला. मग पदर खाली घेऊन त्यांनी जे सांगितले ते मी त्याच संध्याकाळी वहीच्या मागच्या पानावर लिहिले, म्हणून शब्द त्यांचेच आहेत.

"तीस वर्सं महिला मंडळात बोलली मी. सोनं नको, पावडर नको, आतला मानूस सजवा. बाया म्हनत, बाई किती साध्या हायत. साधी कायची बाप्पा! हे दात घेऊन कानात झुमके घालून काय करतं? देवानं सरळ दात देल्ले असते, तं समजलं असतं मी किती साधी हाय ते."

मी नियमाची आठवण केली. मास्तरांना आणा, निदान शेजारच्या कोणाला तरी आणा, मेणातले दात दाखवू.

"मास्तराले काय समजते आता? अन् शेजारची आली तं गावभर करन. तू पाह्यले ना? बस झालं."

नियम मी मोडला. बाईंचा आग्रह हे त्याचे अर्धे कारण. उरलेले अर्धे माझे होते. त्या तोंडाला सरळ दात कसे शोभतील हे मला पाहायचे होते. जबडा चांगला होता, ओठ भरलेले होते. पट्टीवरचे सहा दात फारसे घासावे न लागता बसले. मी काम डॉक्टर मॅडमना दाखवले. त्या म्हणाल्या, "जुन्यापेक्षा फार बदललंय. त्यांना हवंय ना असंच?" मी हो म्हणालो. आपण तीस वर्षांत केलेल्या चांगल्या कामांपैकी हे एक, असे तेव्हा मला वाटले. तसे मी दवाखान्यात नोंदी लिहिणाऱ्या बाईंना बोलूनही दाखवले.

दिवाळीच्या आधी कवळी बसली. पुढच्या रविवारी बाई देवळात आल्या. पदर खांद्यावर होता. उपासनेनंतर महिला मंडळाच्या बाया त्यांच्याभोवती जमल्या.

"अवं बाई, दहा वर्सांनी लहान दिसून राह्यल्या तुमी!"

"मास्तराले सांभाळा म्हना आता!"

त्या मोठ्याने हसल्या. त्यांचे हसणे मी पन्नास वर्षांत पहिल्यांदा पूर्ण पाहिले. पाळकसाहेबांच्या पत्नीने मोबाईलवर फोटो काढला. त्या दिवशीच्या प्रवचनाचा विषय अंतरीचे सौंदर्य हा होता. हा योगायोग होता. विषय महिनाभर आधी फलकावर लिहिलेला होता. प्रवचन चालू असताना बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि नजर खाली घेतली.

त्याच आठवड्यापासून मेडशीत काय घडत होते ते मला डिसेंबरच्या त्या शनिवारी कळले. पुढचे सगळे बाईंनी सांगितलेले आहे.

मास्तरांना भरवावे लागते. त्याची एक रीत ठरलेली होती. बाई समोर बसायच्या, पहिला घास स्वतः चाखायच्या, हसून "गोड हाय" म्हणायच्या, मग मास्तर तोंड उघडायचे. नवी कवळी बसवून त्या घरी गेल्या, त्या संध्याकाळी खिचडी घेऊन समोर बसल्या, चाखली, हसल्या. मास्तरांनी तोंड उघडले नाही.

"तुमी कोन?"

"मी मार्था."

"बसा बाई तुमी. मार्था येते आता. ते आली का जेवतो."

बायकोला ते पन्नास वर्षे 'तू' म्हणत आले होते. या बाईंना ते 'तुमी' म्हणत होते. वागणे अदबीचे होते. त्यांनी तिला पाट दिला, पाणी विचारले, फक्त तिच्या हातचे खाल्ले नाही. बाईंनी कवळी काढून पाहिली, तर बसलेल्या गालांची म्हातारी पाहून ते घाबरले. मग बाईंनी पदर तोंडावर धरून भरवले, तेव्हा दोन घास गेले, पण पदर सरकला आणि ते थांबले. एकदा त्यांनी मास्तरांच्या पाठीमागे उभे राहून नेहमीची प्रार्थना म्हटली. आवाज ऐकून मास्तर म्हणाले, "मार्था, लवकर ये वं. अठी एक बाई कव्हाची येऊन बसली."

चहा आणि त्यात बुडवलेली बिस्किटे ते घेत. शेजारच्या सुनेने भरवले तर कधी अर्धी वाटी जाई, कधी नाही. पायजम्याची नाडी दोन बोटे आत आली होती. गावच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी सांगितले होते की पोटात अन्न गेले पाहिजे, नाहीतर दवाखान्यात ठेवून नळीने द्यावे लागेल.

"मले माहे जुने दात पायजे, विजू," बाई म्हणाल्या. "फट बी. तो टवका बी."

मी डॉक्टर मॅडमना वर बोलावले. त्यांनी हिरडी तपासली. दात काढल्यावर हिरडी काही महिने बसत जाते, आता केलेली कवळी पुढे सैल होईल, तीन महिने थांबणे बरे, असे त्यांनी सांगितले. दुसरेही सांगितले: मास्तर दातांमुळेच ओळखत नाहीत असे खात्रीने म्हणता येणार नाही. या आजारात माणसे अशीही ओळखेनाशी होतात. नवी कवळी करूनही उपयोग न होण्याची शक्यता आहे.

"तीन महिने मास्तर थांबन का?" बाईंनी विचारले.

मॅडमनी माप घेतले.

मी एक मार्ग सुचवला. तो सुचवताना मला तो शहाणपणाचा वाटला होता. दोन्ही कवळ्या ठेवा, घरी जुन्या दातांची घाला, देवळात येताना सरळ दातांची.

बाई थोडा वेळ रुमालाची घडी घालत राहिल्या. "म्या बी एसटीत हेच ठरवलं होतं," त्या म्हणाल्या. "पाहू. तू आंधी कर तं खरी."

दुसरा साचा फळीवर होता. रुग्णाचे साचे मी वर्षभर ठेवत असे, नावाची चिठ्ठी लावून. बाईंच्या साच्यावर धूळ बसली होती. ती ब्रशने काढली आणि मोजमापे घेतली.

सरळ दात लावणे हे आमच्या कामातले सोपे काम आहे. कारखान्याने ते सरळ लागावेत म्हणूनच घडवलेले असतात. वाकडे लावायचे तर प्रत्येक दात मुळाशी घासून वेगळा वळवावा लागतो. फट कंपासने मोजली, केसभर कमी भरली म्हणून दोन दात पुन्हा उपटून लावले. पट्टीवरचा तेरावा रंग घेतला आणि मुळाशी आणखी पिवळसर केला. टवक्याला अर्धा दिवस गेला. दोरा दातात धरून वर्षानुवर्षे झिजलेली कड कानशीने एकदम येत नाही. आधी फार धारदार झाली, नंतर फार गोल. तिसऱ्या दातावर जमली. एकतीस वर्षांत मी मुद्दाम मोडलेला हा एकमेव दात. त्याच्याइतके काटेकोर काम दुसरे आठवत नाही.

या वेळी 'घरचे कोण' हा रकाना भरला. नाताळच्या आधीच्या गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास, बाई मास्तरांना घेऊन आल्या. शेजारच्या मुलाने त्याच्या गाडीतून आणले होते. मास्तरांना जिना चढता येणार नव्हता, म्हणून मी खाली दवाखान्यात गेलो. त्यांनी मला सलाम केला आणि विचारले, "कोन्या वर्गात हाय तू?"

"चौथीत, गुरुजी," मी म्हणालो.

"पाढे पाठ हायत का?"

"हायत."

बाई आत खुर्चीवर होत्या. मॅडमनी कवळी बसवली, चावा, म्हणजे वरचे-खालचे दात जुळतात का ते, तपासला, साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणायला लावले. त्या आकड्यांत 'स' पुष्कळ येतो आणि दात नीट बसले नसतील तर तिथे कळते. बाईंचा 'स' पूर्वी फटीतून बारीक शिट्टीसारखा येत असे. तो परत आला. दुसऱ्या कोणाच्या कवळीत ही चूक धरली असती. मॅडमनी माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली. त्यांनी तसाच राहू दिला.

बाहेरच्या बाकावर मास्तरांची मान वर झाली.

बाई बाहेर आल्या. आरसा मॅडमच्या हातात होता, तो त्यांनी मागितला नाही. मास्तरांसमोर स्टूल ओढून बसल्या. पिशवीतून स्टीलचा डबा काढला. त्यात खिचडी होती. चमचाभर चाखली आणि हसल्या. पदराकडे हात गेला होता, तो मध्येच थांबला.

"गोड हाय," त्या म्हणाल्या.

मास्तर त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. नोंदी लिहिणाऱ्या बाई लिहायच्या थांबल्या होत्या.

"कुठी गेली होती वं तू?" मास्तर म्हणाले.

"अठीच होती."

"ते बाई गेली का?"

"गेली."

"चांगली होती बिचारी," मास्तर म्हणाले. "दात बी चांगले होते तिचे. पन जेवू घालाची घाई लय."

त्यांनी तोंड उघडले. डबा रिकामा व्हायला पंचवीस मिनिटे लागली. मध्ये बाईंनी एकदा चष्मा काढून पुसला.

नाताळच्या दिवशी सकाळच्या उपासनेला दोघे आले. मास्तर पहिल्या रांगेत भिंतीच्या कडेला बसले, बाई त्यांच्या शेजारी. गाणी चालू असताना मी दोन रांगा मागे होतो. नंतर अंगणात महिला मंडळाचा फोटो काढायचे ठरले. एका बाईने मोठ्याने विचारले, "अवं बाई, ते नवे दात काय झाले?"

"हेच नवे हायत," मार्थाबाई म्हणाल्या.

फोटोत त्या मधोमध आहेत. पदर खांद्यावर आहे, तोंड उघडे आहे, फट दिसते. तो फोटो मंडळीच्या सभागृहात लावला आहे.

मास्तर त्यांना रोज ओळखतात असे नाही. आठवड्यातून एखादा दिवस, बाईंच्या सांगण्यानुसार, ते 'तुमी' म्हणतात, पण जेवतात. मार्चमध्ये, काम थांबवण्यापूर्वी, बाईंच्या कवळीला आतून भर घालून दिली. माझ्या वहीतली ती शेवटची नोंद आहे. त्या दिवशी फळीवरचे सगळे साचे, वर्ष न भरलेलेसुद्धा, फोडून टाकले. बाईंचा तेवढा ठेवला.

सरळ दातांची कवळी मी परत मागितली नव्हती. ती दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची नसते. कवळी वापरात नसेल तर पाण्यात ठेवावी लागते, नाहीतर सुकून तिचा आकार बदलतो. मागच्या आठवड्यात हा मजकूर लिहिण्याची परवानगी घेण्यासाठी मी मेडशीला फोन केला, तेव्हा तिचे काय केले हे विचारले. ती स्वयंपाकघरातल्या फडताळात झाकणाच्या डब्यात आहे, असे मार्थाबाईंनी सांगितले. ती त्यांनी नाताळनंतर एकदाही घातलेली नाही. डब्यातले पाणी त्या रोज सकाळी बदलतात.